ऐकणारं घर



ज्या बाईंच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर मुलांना पियानो शिकवला. या सभागृहाला त्यांची ओळख करून द्यायला नको, म्हणून आज मी त्यांचं चरित्र सांगणार नाही. त्या प्रत्येक पालकाला एक प्रश्न विचारत असत, तोच घेऊन मी उभी आहे. मूल आठवड्यातून एकदा माझ्याकडे येतं, पाऊण तास बसतं आणि जातं. उरलेले सहा दिवस ते तुमच्याकडे असतं. त्या सहा दिवसांत तुम्ही काय करता?

बहुतेक आईवडिलांचं उत्तर एकच असतं, "आम्हाला त्यातलं काही कळत नाही हो." हे उत्तर प्रामाणिक असतं. आपल्या घरांत पेटी होती, कुठे सतार होती, तबला तर असायचाच, पियानो क्वचित. पण मुलाला साथ द्यायला स्वतःला पियानो यावा लागतो, हे मला मान्य नाही. घराचं काम ऐकण्याचं आहे. ते नीट केलं तर शिक्षकाचं अर्धं ओझं हलकं होतं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही घरात घडणारा प्रसंग घ्या. आठ-नऊ वर्षांची मुलगी पियानोवर बसली आहे. पुढ्यात एक मिन्युएट आहे, जगभरातली मुलं पहिल्या एक-दोन वर्षांत वाजवतात तेच, जी मेजरमधलं. शंभराहून अधिक वर्षं लोक ते योहान सेबास्टियन बाखचं समजत होते, कारण बाखने 1725 मध्ये पत्नी आना माग्दालेनासाठी केलेल्या वहीत ते सापडलं. पुढे कळलं की ते ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेत्सोल्ड नावाच्या ऑर्गनवादकाचं आहे. तर मुलगी सुरुवात छान करते. पहिला भाग तिच्या बोटांत बसला आहे. दुसऱ्या भागात सूर डी मेजरकडे वळतो आणि सी शार्प येतो, म्हणजे उजव्या हाताला अचानक नवी काळी पट्टी घ्यावी लागते. तिथे बोट घसरतं. स्वयंपाकघरातून फोडणीच्या आवाजावरून आईची हाक येते, "चुकलं!" मुलगी थांबते आणि पहिल्यापासून सुरू करते. पुन्हा तीच काळी पट्टी, पुन्हा घसरणं, पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासात सोपा पहिला भाग पंधरा-वीस वेळा वाजतो. अवघड जागा तितक्याच वेळा मोडते आणि एकदाही सुटत नाही. मुलगी रडवेली होऊन उठते. आई म्हणते, "अर्धा तास प्रॅक्टिस झाली."

यात आईचं प्रेम कमी नाही. पण तिने जे ऐकलं ते फक्त चूक होती, आणि चूक तर मुलीलाही ऐकू आली होती. तिला हवा होता असा माणूस, जो भाजी खाली उतरवून पाच मिनिटं शेजारी येऊन बसेल आणि म्हणेल, "ते मधलं जरा परत ऐकव ना. हळू वाजव. नुसत्या उजव्या हाताने." म्हणजे पहिल्यापासून नाही, अडलेल्या जागेच्या दोन सूर आधीपासून. उजवा हात सुटला की डावा, मग दोन्ही हात निम्म्या लयीत. हे सांगायला आईला नोटेशन वाचता येण्याची गरज नाही. गाणं कुठे अडखळलं हे कुठल्याही कानाला कळतं. तिथेच थांबायला मूल स्वतःहून तयार नसतं, कारण आपल्याला येतं ते पुन्हा पुन्हा वाजवण्यात सुख असतं. मोठ्या माणसाचा धीर लागतो तो नेमका इथे.

शेजारी बसून लक्ष ठेवण्याचा हा विचार माझा नाही, तीनशे वर्षं जुना आहे. पॅरिसच्या फ्रांस्वा कूपरँने 1716 मध्ये हार्प्सिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर एक पुस्तक लिहिलं. पियानो तेव्हा इटलीत नुकता जन्मला होता, पण मुलांबद्दल कूपरँने लिहिलेलं आजच्या पियानोला तसंच्या तसं लागू पडतं. शिकवायला सहा-सात वर्षांचं वय चांगलं, असं तो म्हणतो. लहान मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून पायांखाली काहीतरी ठेवा आणि मूल वाढेल तशी त्याची उंची कमी करत जा, असंही तो सांगतो. ही सूचना वाचली तेव्हा मला आपल्या घरातला पाट आठवला. ज्या मुलाचे पाय अधांतरी लोंबतात त्याची पाठ वाकते, खांदे वर चढतात आणि सगळा भार मनगटावर येतो. खुर्ची इतकी उंच हवी की कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला येईल, आणि पायांखाली एक पाट, लागला तर दोन. पैसे न लागणारी ही मदत घराने पहिल्या दिवशी करावी. हात वाकडा बसला की तो सरळ करायला वर्षं जातात. नखं कापलेली ठेवा, एवढं याच ओघात सांगते.

त्याच पुस्तकात कूपरँ आणखी एक गोष्ट लिहितो, ती आजच्या पालकांना धक्का देईल. सुरुवातीच्या दिवसांत मुलांनी शिक्षकाच्या गैरहजेरीत वाद्याला हात लावू नये, असं त्याचं मत होतं. ज्या वाद्यावर शिकवायचा त्याची किल्ली तो बरोबर घेऊन जायचा, कारण पाऊण तास जपून बसवलेलं मूल एका क्षणात बिघडवतं. आपण रोज कानीकपाळी ओरडतो की प्रॅक्टिस कर, प्रॅक्टिस कर. आणि हा गृहस्थ किल्ली खिशात घालून निघतो! तरी विचार केला तर पटतं. ख्यालाच्या जुन्या तालमीतही हीच रीत होती. शिष्य गुरूसमोर बसायचा, तीच तान गुरूच्या कानांपुढे घोटायचा. एकटं घोटण्याची मोकळीक पुढे मिळायची, सूर आणि जागा पक्क्या झाल्यावर. बोटं बरोबर आणि चूक असा भेद करत नाहीत. जे पुन्हा पुन्हा करता ते त्यांच्यात मुरतं. आज शिक्षक रोज घरी येऊ शकत नाही. म्हणून पहिली एक-दोन वर्षं तरी शेजारी कुणीतरी असावं. दोन वेळा दहा-दहा मिनिटं पुरतात. एकट्याने रेटलेल्या तासापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

कूपरँचं तिसरं सांगणं असं की काही तुकडे बोटांत बसेपर्यंत मुलांना स्वरलिपी दाखवू नये. डोळे कागदावर खिळले की बोटं वेडीवाकडी होतात, असं त्याचं निरीक्षण होतं. विसाव्या शतकात जपानच्या शिनिची सुझुकींनी व्हायोलिन शिकवताना हाच मार्ग धरला. मूल मातृभाषा आधी ऐकतं, मग बोलतं, वाचायला शेवटी शिकतं. संगीतातही हाच क्रम असावा, असं ते म्हणत. त्यांच्या पद्धतीत आई किंवा वडील शिकवणीला मुलाबरोबर बसतात, टिपणं घेतात आणि शिकायचे तुकडे घरात रोज लावून ठेवतात. पुढे ती पियानोलाही लागू झाली. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपली मुलं आरत्या वाचून शिकत नाहीत, तरी गणपतीच्या दहा दिवसांत सगळ्या पाठ होतात.

मग नोटेशन नकोच का? हवं, नक्की हवं. त्याशिवाय पियानोचं अफाट भांडार उघडत नाही. मात्र कान आणि हात थोडे पुढे चालावेत आणि डोळ्यांनी त्यांच्यामागून यावं. गोव्याच्या चर्चशाळांत पोर्तुगीज काळापासून मुलांना आधी सोल्फा, म्हणजे सुरांची नावं घेत गायला शिकवत, मग हातात व्हायोलिन देत. मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या वाद्यवृंदांत जी गोवेकर मंडळी वाजवत होती, त्यांतल्या अनेकांचा पाया तिथला. त्या शाळांत आणखी एक सोय होती, जी मला फार मोलाची वाटते. शिकलेलं चर्चमध्ये सगळ्या गावासमोर वापरायचं असे. ऐकणारे हजर होतेच, ते शोधावे लागत नव्हते.

आता बापांविषयी बोलते. 22 जानेवारी 1720 रोजी क्योटेन गावी बाखने आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, एक वही सुरू केली. सुरुवातीला सुरांची ओळख, मग अलंकारांचा तक्ता, मग बोटं कशी टाकायची ते आकडे घालून दाखवणारा छोटासा तुकडा. पुढची पानं उलटत जावं तसे तुकडे मोठे होतात. ज्यांना आज आपण इन्व्हेन्शन्स म्हणतो त्यांची पहिली रूपं याच वहीत आहेत. पोरगं कुठवर आलं आहे ते बघून बाप पुढचं पान लिहीत गेला. त्यासाठी आधी पोराचं ऐकावं लागतं.

साल्झबुर्गमध्ये लेओपोल्ड मोझार्टने 1759 मध्ये मुलगी नानर्लसाठी अशीच वही केली. धाकटा वोल्फगांग त्याच वहीतून शिकला. समासात लेओपोल्डच्या नोंदी आहेत. एक मिन्युएट वोल्फगांग पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, 26 जानेवारी 1761 ला, रात्री साडेनऊच्या सुमाराला अर्ध्या तासात शिकला, अशी त्यातली एक. ना गुण, ना शेरा; बापाने नुसतं पाहिलं आणि लिहून ठेवलं. मात्र वही ज्या मुलीसाठी केली होती, जी स्वतः उत्तम वाजवायची, ती मोठी झाल्यावर तिचे वादनाचे दौरे थांबले आणि बाप मुलाला घेऊन निघून गेला. नानर्लच्या वाट्याला आलेलं थांबणं विसरून वोल्फगांगची गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही.

आणि मग लाइपझिगचा फ्रीडरिश वीक. मुलांना पियानो शिकवणाऱ्या प्रत्येक घराला हा माणूस ठाऊक असावा. तो पियानोंचा व्यापारी आणि नावाजलेला शिक्षक होता. मुलगी क्लारा चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. तिला ऐकू कमी येतं की काय अशी शंका घरात होती. आईवडील विभक्त झाले आणि पाच वर्षांची क्लारा बापाकडे आली. तिला शिकवताना वीकने पुष्कळ गोष्टी फार चांगल्या केल्या. त्यानेही सुरुवातीला कानाने वाजवायला शिकवलं, कागद नंतर आणला. मुलीला रोज मोकळ्या हवेत लांब फिरायला नेलं. नाटक, ऑपेरा, मोठमोठे वादक तिला ऐकवले. 20 ऑक्टोबर 1828 रोजी नऊ वर्षांची क्लारा लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसली. शिक्षणशास्त्र म्हणून पाहिलं तर वीकची पद्धत आजही वाखाणण्याजोगी आहे.

पण 1827 मध्ये वीकने क्लाराच्या नावाने एक रोजनिशी सुरू केली, आणि बरीच वर्षं ती मुख्यतः तो स्वतः लिहीत होता, तिच्या तोंडून, "मी" म्हणून. वडील आज माझ्यावर रागावले, मी आळस केला, मी हट्टी आहे, अशा धाटणीची वाक्यं बाप मुलीच्या वहीत लिहितो आणि नंतर तीच मुलीला वाचायची असतात! मला या गोष्टीइतकी दुसरी कुठलीच गोष्ट अस्वस्थ करत नाही. मुलीची बोटं तिची राहिली आणि "मी" मात्र बापाचा झाला. याच घरात शिकायला राहिलेल्या तरुण रॉबर्ट शुमानने 1831 मध्ये आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की क्लाराच्या भावाने व्हायोलिन नीट वाजवलं नाही म्हणून वीकने त्याला केस धरून ओढलं, आणि क्लारा शांतपणे हसून वेबरचा सोनाटा वाजवायला बसली. त्या हसण्याचा अर्थ अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात काय होता, कोण सांगणार? पण ज्या घरात चूक ऐकली की हात उठतो, तिथे मूल चुकीपासून पळतच वाजवतं.

आज आपण केसांना हात घालत नाही. पण मुलाच्या वतीने "मी" म्हणणं आपलं सुटलेलं नाही. "आमची ग्रेड थ्री झाली, आता आम्ही फोरला बसतोय." हे वाक्य पुण्या-मुंबईत किती सहज कानावर पडतं! परीक्षांना माझा सरसकट विरोध नाही. या ग्रेड घेणाऱ्या लंडनच्या परीक्षामंडळाची 1889 पासूनची परंपरा आहे, तिने शिस्त दिली, दूरच्या शहरांतल्या शिक्षकांना मोजमाप दिलं. पण तिची गुणपत्रिका जरा जवळून पाहा. प्रात्यक्षिक परीक्षेत 150 पैकी तीन तुकड्यांना प्रत्येकी 30 गुण, स्केल्सना 21, पाहून वाजवण्याला 21, आणि कानाच्या परीक्षेला 18. शंभर मिळाले की पास. म्हणजे जो कान सगळ्याचा पाया, त्याला सगळ्यात कमी जागा. 2020 पासून चार तुकडे वाजवून चित्रफीत पाठवण्याची निराळी परीक्षाही आली आहे. तिच्यात कानाची चाचणी मुळीच नाही.

याहून मोठा तोटा दुसरा आहे. तीन तुकड्यांची परीक्षा असली की मूल वर्षभर तेच तीन तुकडे घोटतं. पुढच्या वर्षी पुढचे तीन. आठ ग्रेड पार केलेली, पण पाहुण्यांनी काही वाजव म्हटल्यावर हात आखडून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. मुलांना थोडे आणि अवघड नव्हे, पुष्कळ आणि सोपे तुकडे मिळायला हवेत. आठवड्यात शिकता येतील, दोन दिवसांत सुटतील असे.

अशा तुकड्यांची गोष्ट पुन्हा क्लाराकडे नेते. तिने बापाशी कोर्टात लढून, वयाच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, 1840 मध्ये शुमानशी लग्न केलं. त्यांची थोरली मुलगी मारी 1 सप्टेंबर 1848 ला सात वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी तिला वाढदिवसासाठी काही छोटे तुकडे लिहून दिले. मुलांना शिकवायला जे तुकडे मिळतात ते फार सुमार असतात, ही त्या घराची तक्रार होती. ते वाढत जाऊन 43 तुकड्यांचा संग्रह झाला आणि त्याच वर्षी छापून निघाला. त्यात शेतातून परतणारा आनंदी शेतकरी आहे, उधळलेला घोडेस्वार आहे, पहिलं दुःख आहे. मेंडेल्सोनच्या स्मृतीसाठी लिहिलेल्या तुकड्यावर त्याच्या मृत्यूची तारीख आहे, 4 नोव्हेंबर 1847. मुलांच्या पुस्तकात मृत मित्राची आठवण ठेवावी, असं या माणसाला वाटलं. मूल लहान म्हणून त्याचं मनही लहान, असं त्याने मानलं नाही. "घोडेस्वार" वाजवताना तुमच्या मुलाला घोडा दिसतो का, एवढं विचारा. उत्तर काही येवो. विचारलं गेलं, हे त्याच्या लक्षात राहतं.

वाद्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. खेळण्यातला कीबोर्ड सुरुवातीला चालतो, पण त्याच्या पट्ट्यांना वजन नसतं. खऱ्या पियानोची पट्टी सेंटीमीटरभर खाली जाते आणि ती दाबायला साधारण पन्नास ग्रॅमचा भार लागतो. हळू आणि जोरात यातला फरक बोटाला तिथेच कळतो. डिजिटल घेतलात तरी वजनदार पट्ट्यांचा, पूर्ण 88 पट्ट्यांचा घ्या. जुना लाकडी पियानो असेल तर पावसाळ्यात जपा. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर उतरतो. म्हणून जुनी माणसं पियानोच्या पोटात मंद बल्ब लावून ठेवत. सूर लावून घेणाऱ्याला वर्षातून दोनदा बोलवा. बेसूर वाद्यावर रोज बसलेल्या मुलाचा कान बेसुराला सरावतो.

आणि ते वाद्य कुठे ठेवता याकडे लक्ष द्या. फ्लॅटमध्ये जागा कमी, शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून डिजिटल पियानो मुलाच्या खोलीत जातो. दार बंद, कानांवर हेडफोन. आतमध्ये मूल तासभर वाजवतं आणि बाहेर पट्ट्यांची नुसती टकटक ऐकू येते. अख्ख्या घराने महिनोन्महिने एकही सूर ऐकलेला नसतो! रात्री दहाच्या पुढे हेडफोन हवेच, हे मी समजू शकते. पण संध्याकाळी सात वाजता ते काढून ठेवा. वाद्य हॉलमध्ये आणा. आजोबांना पेपर वाचता वाचता ऐकू दे, भावाला कंटाळू दे, खालच्या मजल्यावरच्या काकूंना जिन्यात विचारू दे, "आज काय वाजवत होतीस गं?" त्या काकूंचा एक प्रश्न परीक्षेच्या पंधरा गुणांइतका कामाचा असतो.

शेवटी नववी-दहावीकडे येते, कारण बहुतेक पियानो तिथेच बंद पडतात. क्लास लागतात, वेळ नसतो, आणि चौदा वर्षांच्या मुलाला शुमानचा शेतकरी आता बालिश वाटतो. त्या वर्षी पियानो विकू नका. परीक्षा सोडायची तर सोडू द्या, शिकवणी महिन्यातून एकदा करा. त्याला आवडणाऱ्या चित्रपटातलं गाणं कानाने काढू द्या. पट्टी कुठली धरायची हे तो स्वतः शोधून काढेल, आणि त्याला जे आजवर शिकवलं ते तेव्हा कामी येईल. घरात कुणी गाणारं असेल तर त्याने मुलाच्या साथीला गावं. बाबांना काळी दोनमध्ये गायचं असेल आणि मुलाला सी मेजरच येत असेल, तर बाबांनी थोडं खाली उतरावं. आंतोन दियाबेलीने चार हातांनी वाजवायचे तुकडे लिहून ठेवले आहेत, त्यात शिकणाऱ्याला फक्त पाच सूर असतात आणि बाकीचं सगळं शेजारचा माणूस वाजवतो. हे तुकडे धाकट्या बहिणीला पाच सुरांत बसवून थोरल्याने तिच्या शेजारी वाजवावेत, अशी माझी सूचना आहे. ज्या घरांनी हे केलं त्यांतली बरीच मुलं दहावीनंतर परत आली. आल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती पुढच्या ग्रेडची नव्हती. "ते दोघांनी वाजवायचं अजून काही आहे का?" असं त्यांनी विचारलं.